पीएच वाढलेली सोसायटी

आमच्या सोसायटीत हल्ली कुणी कुणाला बीपी विचारत नाही. शुगरसुद्धा मागे पडली. सकाळी दूध घ्यायला खाली उतरलेली माणसं एकमेकांना कुंडीचा पीएच विचारतात.

"काय म्हणतेय जास्वंद?"

"आठ पॉइंट दोन."

"परवा तर आठ होती."

"चढतोय. मोघेसाहेब म्हणाले, जपा."

"आमच्या कढीपत्त्याचा साडेआठ निघाला. पण आम्ही लगेच ताक सुरू केलं."

भोपाळात शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरांत आयुष्य काढून निवृत्तीनंतर तिथून हाकेच्या अंतरावर फ्लॅट घेतलेल्या मंडळींची ही सोसायटी. चोवीस फ्लॅट, त्यांत नऊ मराठी. इथला जवळजवळ प्रत्येक जण कधीतरी कुणाचा तरी साहेब होता. आता सगळे साहेब एकाच जिन्यावर राहतात आणि हाताखाली कोणी उरलेलं नाही. उरल्या त्या कुंड्या.

त्यातले सगळ्यांत मोठे साहेब म्हणजे विश्वनाथराव मोघे. मूळचे ग्वाल्हेरचे. कालव्यांच्या खात्यात छत्तीस वर्षं काढली आणि अधीक्षण यंत्री, म्हणजे अधीक्षक अभियंता, म्हणून निवृत्त झाले. पहिली तीन वर्षं त्यांनी घरातल्या गोष्टींवर अधीक्षण केलं. चौथ्या वर्षी सरोजवहिनींनी त्यांना खाली पार्किंगमध्ये बसायला सांगितलं. त्याच पावसाळ्यात त्यांच्या गुलाबाच्या पानांवर ठिपके पडले, आणि एका रिकाम्या अधिकाऱ्याला काम मिळालं.

त्यांनी एम. पी. नगरच्या बाजारातून मातीचा पीएच मोजायचं यंत्र आणलं. हिरवी डबी, खाली दोन दांड्या. दांड्या मातीत खुपसल्या की वरचा काटा हलतो. मोघेसाहेबांच्या शब्दाने कोणे एके काळी धरणांचे दरवाजे हलत. आता काटा हलत होता. फरक फक्त आकाराचा होता.

पुढच्याच रविवारी गाडी रस्त्यावर गेली आणि गाडीच्या जागी टेबल आलं. मागे पाटी लागली, 'पर्ण परीक्षण केंद्र, वेळ नऊ ते अकरा'. लोक त्याला ओपीडी म्हणत. प्रत्येक कुंडीचा केसपेपर निघे. फ्लॅट क्रमांक, रोग्याचं नाव, तक्रार केव्हापासून, पूर्वी कुणाचं औषध चालू होतं, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे काय. पानांवरच्या ठिपक्यांचं वर्गीकरण साहेबांनी स्वतः केलं होतं. प्रथम श्रेणी, द्वितीय श्रेणी, तृतीय श्रेणी आणि दैनिक वेतनभोगी. शेवटचे म्हणजे जे आज असतात आणि उद्या नसतात.

"पण साहेब, पीएच म्हणजे नेमकं काय हो?" दुसऱ्या मजल्यावरच्या सुमनकाकूंनी एकदा भीत भीत विचारलं.

"मातीचं प्रेशर," मोघेसाहेब म्हणाले. "सातपर्यंत नॉर्मल. आठच्या वर गेलं की धोका."

"आणि साडेपाच-सहा असलं तर?"

"अशक्तपणा."

सुमनकाकूंनी ते वहीत लिहून घेतलं. त्या आठवड्यात त्यांच्या जास्वंदीला अशक्तपणावर नाचणीची पेजही मिळाली.

हे असंच चाललं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. चार झाडं गेली असती, दोन वाचली असती, आणि दोन्हींचं श्रेय केसपेपरला मिळालं असतं. पण नवरात्राच्या सुमारास शहरातल्या एका संस्थेने 'सुंदर सोसायटी' स्पर्धा काढली, आणि आमच्या सोसायटीने त्यात नाव दिलं.

आता भोपाळात कुणी पाहणीला येणार म्हटलं की काय होतं, ते इथे राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. जे हलत नाही त्या सगळ्याला गेरू लागतो आणि त्याच्या काठाला चुना. झाडांच्या बुंध्यांना लागतो, फुटपाथच्या कडेला लागतो, वेळेत सरकला नाही तर चौकीदाराच्या स्टुलालाही लागतो. मोघेसाहेबांनी ठराव मांडला. कुंड्यांना बाहेरून गेरू, काठाला चुना. निरीक्षक आत डोकावले तर म्हणून आतूनही चार बोटं चुना. मुंग्या दिसू नयेत म्हणून प्रत्येक कुंडीतल्या मातीवर एकेक मूठ चुना. पानं चमकली पाहिजेत म्हणून रोज संध्याकाळी पाइपने वरून अंघोळ. चोवीसपैकी तेवीस फ्लॅटांनी हात वर केले. चोविसाव्याला कुलूप होतं.

निरीक्षक आले, समोसे खाल्ले, गाडीच्या काचेतून कुंड्या पाहिल्या आणि गेले. सोसायटीला 'प्रोत्साहनपर' असं लिहिलेलं प्रमाणपत्र मिळालं. अंघोळी मात्र चालूच राहिल्या, कारण त्या सुरू करण्याचा ठराव झाला होता, थांबवण्याचा कुणी मांडला नव्हता.

डिसेंबर उजाडेपर्यंत सोसायटीतली पानं पिवळी पडू लागली. ठिपके वाढले. ओपीडीची रांग लिफ्टपर्यंत जाऊ लागली. यंत्र जिथे खुपसावं तिथे काटा आठच्या पुढे. मोघेसाहेबांनी ताक दिलं, लिंबू दिलं, तुरटी दिली, एका तुळशीला तर त्यांनी पूर्ण विश्रांती सांगितली. काटा खाली येईना.

"साथ आहे," शेवटी ते म्हणाले. "पीएच पसरतोय."

आणि साथ म्हटली की तिचा उगम शोधणं आलं. कालव्यांच्या माणसाचा जगाविषयी एकच सिद्धांत असतो, जे काही येतं ते वरून येतं. त्यांनी सोसायटीचा उभा छेद काढला, मजल्यामजल्यावर बाण दाखवले, आणि सगळे बाण उलटे चालत गेले ते थेट छतावर. छतावर तेवीस कुंड्या होत्या. त्या सिंधूताई महाशब्द्यांच्या.

सिंधूताई म्हणजे तोच कुलूपबंद फ्लॅट. मूळच्या इंदूरच्या. मुलींच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं लॅब असिस्टंट होत्या, म्हणजे प्राध्यापक वर्गात जे समजावून सांगत ते प्रत्यक्षात घडवून आणण्याचं काम त्यांच्याकडे होतं. साहेब त्या कधीच नव्हत्या, त्यामुळे सोसायटीत त्यांना कुणी काही विचारत नसे. गेरू-चुन्याच्या वेळी त्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी इंदूरला महिनाभर होत्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या तेवीसही कुंड्या रंगून, आतून पांढऱ्या होऊन, एका रेषेत सावधान उभ्या होत्या.

त्यांचा फ्लॅट तळमजल्यावर, उत्तरेला तोंड. तिथे ऊन फक्त मे महिन्यात येतं, तेही चौकशी करून परत जातं. त्यामुळे कुंड्या छतावर. त्या तिथून हलल्या तर ठेवायला दुसरी जागा नाही, आणि सावलीत त्यांतलं एकही झाड टिकणार नाही. सकाळचे दोन तास सिंधूताई छतावर असत. गुडघे दुखतात म्हणून देवळात जाणं त्यांनी सोडलं होतं, पण छतावर जाणं सोडलं नव्हतं. यावरून त्या कुंड्यांची त्यांच्या लेखी काय किंमत होती, ते समजावं.

सोमवारी सोसायटीचा सेक्रेटरी मंदार त्यांच्या दारात उभा राहिला. चाळिशीचा, बँकेत नोकरी. हातात अकरा पानांचा अहवाल आणि त्याला टाचलेली एक नोटीस.

"काकू, माझं यात कुछ नहीं है हां. मी सिर्फ डिलिव्हरी करतोय."

सिंधूताईंनी चष्मा लावला. 'आपल्या मालकीच्या एकूण तेवीस कुंड्या पीएचच्या प्रसारास कारणीभूत असल्याचे आढळून आले असून, सदर कुंड्या सात दिवसांच्या आत छतावरून हटवाव्यात, अन्यथा सोसायटी त्या हटवील व होणाऱ्या हानीस जबाबदार राहणार नाही.'

"पीएच पसरतो?" त्यांनी विचारलं.

"काका बोलले पसरतो."

"कसा पसरतो?"

मंदारने अहवालातला छेद उघडून दाखवला. "ऊपर से नीचे."

"तुझं बारावीला काय होतं रे?"

"कॉमर्स, काकू."

"मग ठीक आहे," सिंधूताई म्हणाल्या आणि नोटीस मिळाल्याची सही करून दिली.

रविवारी, म्हणजे मुदतीच्या सातव्या दिवशी, ओपीडीला नेहमीच्या दुप्पट गर्दी होती. नोटिशीची बातमी सगळ्या मजल्यांवर गेली होती, आणि दुसऱ्याची कुंडी उतरताना पाहायची असली की थंडीतही माणूस लवकर उठतो. सिंधूताई आल्या त्या हातात स्टीलचा डबा आणि सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली घेऊन.

"नंबर घ्या," मोघेसाहेब म्हणाले.

त्यांनी नंबर घेतला. चौदावा होता. तेरा रोगी होईपर्यंत त्या मफलर गुंडाळून बसून राहिल्या. मग टेबलापाशी येऊन त्यांनी डबा उघडला आणि तीन पानं ओळीने मांडली.

"रोगी कुठे आहे?"

"छतावर. त्याला उतरवायला तुम्ही आजचा दिवस दिलाय, म्हणून त्याला त्रास दिला नाही."

मोघेसाहेबांनी पहिल्या पानाकडे नजर टाकली. जास्वंदीचं होतं, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं. "प्रथम श्रेणी," ते म्हणाले. "आठवडाभरापासून मी हेच सांगतोय."

सिंधूताईंनी बोट पाण्यात बुडवलं आणि पानावरून फिरवलं. ठिपके बोटावर आले, पान हिरवं राहिलं.

"चुना," त्या म्हणाल्या. "रंगवताना उडालेला."

"प्रथम श्रेणी रिटायर झाली," मागून मंदार हळूच म्हणाला. चार जण हसले आणि साहेबांनी वर पाहताच खोकू लागले.

"हे दुसरं बघा. तपकिरी ठिपका, भोवती पिवळं कडं. हा खरा रोग आहे, बुरशी. रोज संध्याकाळी तुम्ही पानांना अंघोळ घालता, थंडीत ती सकाळपर्यंत ओली राहतात, आणि कुंड्या एकमेकींना चिकटून उभ्या केल्यात. ही पानं तोडून फेका, पाणी सकाळी बुडाशी घाला, कुंड्या जरा लांब लांब ठेवा. बहुतेक एवढ्यावर भागेल."

"आणि हे तिसरं?" सुमनकाकूंनी मान पुढे काढली.

"हे माझ्या अनंताचं. याच्यावर ठिपका नाहीच. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. त्यातून जुनी पानं बरी, कोवळी आधी पिवळी. मातीत लोह आहे, पण चुना जास्त झाला की झाडाला ते घेता येत नाही. ताट वाढलेलं आहे आणि तोंड बांधलेलं आहे, असं समजा. अनंताला तर मुळात आंबट माती लागते. तुमचा तो अशक्तपणा."

"कुठला चुना जास्त झाला?" मोघेसाहेबांनी विचारलं.

"तुमचा."

सिंधूताईंनी डब्यातून मातीच्या दोन पुड्या काढल्या. एक त्यांच्या अनंताच्या कुंडीतली, वरच्या थरातली. दुसरी जिन्याखाली पडलेल्या फुटक्या कुंडीतली, जी रंगवायला कुणाला आठवली नव्हती. दोन वाट्यांत दोन्ही पुड्या ओतल्या, दोन्हींवर दोन दोन चमचे सिरका. फुटक्या कुंडीतली माती ओली झाली आणि गप्प राहिली. अनंताच्या मातीने फस्स केलं, फेस काढला, बुडबुडे आले.

"अगं बाई, उकळतंय!" सुमनकाकू ओरडल्या.

"तुमचा गुलाब जवळ आहे," सिंधूताई मोघेसाहेबांना म्हणाल्या आणि उरलेला सिरका साहेबांच्या टेबलाशेजारच्या गुलाबाच्या कुंडीच्या काठाशी ओतला. गुलाबानेही साहेबांची भीड न ठेवता फस्स केलं.

मोघेसाहेबांनी बुडबुडे शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत पाहिले. मग चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"सिरका कोणत्या बॅचचा आहे?"

"नूडल्ससाठी आणलेला आहे."

"प्रयोगाची पूर्वसूचना दिली होती?"

"नाही."

"पंचनामा?"

"हे सगळे बघत होते की."

साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. "चुना लावायचा ठराव सर्वानुमते झालेला आहे. सर्वानुमते झालेल्या गोष्टीने नुकसान होत नाही. त्या वेळी कुणाची हरकत होती का?"

बुडबुडे सगळ्यांनी पाहिले होते. पण हातही सगळ्यांनीच वर केले होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या धरायच्या तर तेवीस फ्लॅटांना आपापलं झाड आपणच मारलं असं म्हणावं लागलं असतं, आणि त्यासाठी रविवारची सकाळ फार सुंदर होती. सुमनकाकूंनी आपल्या जास्वंदीकडे पाहिलं. मंदारने मोबाइलकडे पाहिलं.

"नोटीस कायम," मोघेसाहेब म्हणाले. "उद्या सकाळी दहा वाजता. पुढचा नंबर?"

दुपारी सिंधूताईंच्या दाराची बेल वाजली. दारात सरोजवहिनी होत्या. हातात झाकलेली वाटी.

"गाजराचा हलवा. आत येऊ?" असं विचारून त्या आत येऊन बसल्यासुद्धा. "सिंधूताई, तुमची एक चूक झाली."

"कुठे? सिरका कमी पडला?"

"तुम्ही बरोबर होतात. तेही चारचौघांत." सरोजवहिनींनी उसासा टाकला. "मी लग्न झाल्यावर यांना एकदाच बरोबर गोष्ट सांगितली. म्हटलं, ग्वाल्हेरच्या घराचा जिना चुकीच्या बाजूला निघतोय. अजून आम्ही गच्चीवर न्हाणीघरातून जातो."

"मग उद्या दहा वाजता मी काय करू? कुंड्यांसमोर आडवी पडू?"

"छे. चौकशी मागा."

"कुणाची?"

"यांचीच. ह्यांच्या आदेशाने झाडं मेली, चौकशी व्हावी, असा रीतसर अर्ज द्या."

"ते चिडतील की!"

"ते खरं असेल तर चिडतात, अर्ज असेल तर नाही. अहो, ज्या गोष्टीची चौकशी चालू आहे तिला हे जन्मात हात लावणार नाहीत. यांच्या हाताखाली एक पूल अकरा वर्षं चौकशीत होता. ना पाडला, ना पुरा केला. गावकऱ्यांनी त्याच्या सावलीत तीन लग्नं लावली." त्या उठल्या. "साखर कमी घातलीय. तुमची शुगर माहीत नव्हती, हल्ली कुणी सांगतच नाही."

संध्याकाळी पाच वाजता सिंधूताईंनी मोघ्यांच्या हातात एक कागद दिला. मोघेसाहेबांनी तो उभ्याने वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीला खुर्चीत बसले. सिंधूताईंनी मनाची तयारी केली.

"समास सोडला नाहीत," साहेब म्हणाले.

"काय?"

"डावीकडे दोन बोटं समास हवा. नाहीतर फाइलला लावताना अक्षरं भोकात जातात. विषय वर हवा. संदर्भ कुठे आहे? माझ्या नोटिशीचा क्रमांक टाका. आणि हे 'मोघेसाहेबांनी चुना टाकल्यामुळे' असं कसं चालेल? घ्या, लिहून घ्या. 'सकृद्दर्शनी असे दिसते की, श्री. वि. गो. मोघे यांनी कोणताही तांत्रिक सल्ला न घेता दिलेल्या आदेशामुळे' — 'कोणताही तांत्रिक सल्ला न घेता' घातलं की वजन येतं — 'सदर वृक्षांची अपरिमित हानी झाली असून...' झालं? 'अपरिमित' ऱ्हस्व काढा."

वीस मिनिटांत स्वतःविरुद्धचा अर्ज त्यांनी इतका उत्कृष्ट बांधून दिला की सिंधूताईंना तो देताना जरा वाईट वाटलं. साहेबांनी त्यावर शिक्का मारला, आवक क्रमांक एक. छत्तीस वर्षांच्या सवयीने हात पुढे गेला आणि समासात लिहून मोकळा झाला, 'प्रकरण विचाराधीन. चौकशी समिती गठित करण्यात येत आहे. अंतिम निर्णयापर्यंत यथास्थिती, म्हणजे जैसे थे.'

सोमवारी दहाला मंदार दोन माणसं घेऊन आला आणि कागद वाचून परत गेला. जाताना मात्र त्याला राहवलं नाही.

"काका, समितीचे अध्यक्ष कोण?"

"मी."

"पण चौकशी तर आपल्याच..."

"मग प्रकरणाची माहिती आणखी कुणाला आहे?"

कुंड्या वाचल्या. सिंधूताईंनी त्याच सकाळी छतावर खुरपं नेलं आणि पहिली कुंडी आडवी करायला घेतली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"महाशब्देबाई, हे काय चाललंय?"

"माती बदलतेय. चुना निघाल्याशिवाय मुळं सुटणार नाहीत."

"यथास्थिती म्हणजे यथास्थिती. माती हा पुरावा आहे. तुम्हीच चौकशी मागितलीत."

"पण तोवर अनंत मरेल!"

"चौकशीत ते नोंदवलं जाईल," मोघेसाहेब म्हणाले. आवाजात दुष्टावा नव्हता. तो असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांना खरंच वाटत होतं की हे झाडाच्या हिताचं आहे.

सिंधूताईंनी कुंडी उभी केली. अनंताच्या शेंड्याला आता पिवळेपणाही उरला नव्हता, कोवळी पानं जवळजवळ पांढरी झाली होती. महिन्याभराची गोष्ट होती. नोटिशीतून वाचलेली झाडं आता नियमाने उभी मरणार होती. त्यांनी खुरपं खाली ठेवलं. मग प्रयोगशाळेत नवीन प्राध्यापकाला काही विचारायचं असे तेव्हाच्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, चौकशीला नमुने लागतील ना?"

"अर्थात."

"किती माती घेऊ प्रत्येकी?"

मोघेसाहेब थबकले. छत्तीस वर्षांत त्यांना नमुना किती हे कुणी विचारलं नव्हतं. नमुने खालची माणसं आणत. पण प्रश्नाला उत्तर लेखी असलं पाहिजे एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी खिशातून पॅड काढलं आणि लिहिलं, 'अर्जदाराने प्रत्येक कुंडीतून पुरेशा प्रमाणात मातीचा नमुना काढून सीलबंद स्थितीत समितीच्या ताब्यात द्यावा व रिकामी जागा भरून घ्यावी, जेणेकरून झाड पडणार नाही.'

"सही," सिंधूताई म्हणाल्या.

त्यांनी सही केली.

नमुने काढायला तीन दिवस लागले. सुमनकाकू मदतीला आल्या, आधी चोरून आणि मग उघड. एकेक झाड अलगद बाहेर काढायचं, मुळांना धरून बसलेली माती सोडवायची, कुंडीच्या आतला चुना काथ्याच्या ब्रशने खरवडायचा. मग दहा नंबर बसस्टॉपजवळच्या नर्सरीतून आणलेलं पालापाचोळ्याचं खत, मुरलेलं शेणखत, नारळाचा भुसा आणि थोडी बिनचुन्याची माती. निघालेली सगळी माती पोत्यात. शेवटची चिमूटसुद्धा त्यांनी झाडून घेतली. प्रत्येक पोत्याला चिठ्ठी, कुंडी क्रमांक, झाडाचं नाव, दिनांक, नमुना घेणाऱ्याची सही. अक्षर असं की विद्यापीठाच्या परीक्षकाने मान डोलवावी.

गुरुवारी लिफ्टने तेवीस पोती खाली आली आणि मोघेसाहेबांच्या टेबलापाशी उतरली.

"हा नमुना?" साहेबांनी विचारलं.

"पुरेशा प्रमाणात," सिंधूताईंनी कागद पुढे केला.

त्यांनी स्वतःचा आदेश दोनदा वाचला. त्यात कुठेच चूक नव्हती. समाससुद्धा सोडलेला होता. त्यांनी एकेक पोतं चिठ्ठीशी ताडून पाहिलं आणि तेवीस पावत्या दिल्या.

हे सोसायटीने पाहिलं आणि सोसायटीला जे कळायचं ते अखेर कळलं. त्या आठवड्यात मोघेसाहेबांच्या विरोधात एकोणीस अर्ज आले. चुन्याचं त्यात कुणीही नाव घेतलं नव्हतं. प्रत्येकाला फक्त सर्वंकष चौकशी आणि पुरेशा प्रमाणात नमुना हवा होता. साहेबांनी प्रत्येकाचा समास दुरुस्त करून दिला. सुमनकाकूंनी एकट्यांनी पाच पोती दिली. टेबल पोत्यांच्या मागे गेलं, मग पोत्यांच्या वर गेलं, मग सरोजवहिनींनी ते घरी मागवून घेतलं. आता पुरावा नष्ट होऊ नये म्हणून ओपीडी बंद आहे. समितीची पहिली बैठक बसायला जागा नसल्यामुळे तहकूब झाली.

यथास्थितीची पाहणी मात्र दर सोमवारी होते. मोघेसाहेब यादी घेऊन छतावर येतात, कुंड्या मोजतात, गेरू शाबूत आहे का पाहतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी ते अनंतापाशी जरा जास्त वेळ थांबले. शेंड्याला नवीन पानं आली होती, बोटाएवढी, गर्द हिरव्या रंगाची, तेल लावल्यासारखी. त्यांनी यंत्र बाहेर काढलं, मातीत खुपसलं. काटा सहाच्याही खाली गेला. त्यांनी यंत्र हलवून पाहिलं, पुन्हा खुपसलं, मग शांतपणे खिशात ठेवलं. इकडेतिकडे पाहिलं आणि एका पानावरून अंगठा फिरवला.

"छान आलंय," ते म्हणाले.

"मग तसं लिहा," सिंधूताई म्हणाल्या.

"कसं लिहिणार? बदल झाला म्हटलं की यथास्थितीचा भंग होतो. मग नोटीस पुन्हा लागू होईल." ते पॅडवर लिहू लागले. 'तेवीस कुंड्यांची पाहणी केली. कोणताही बदल आढळला नाही.' मग पॅड पुढे केलं. "इथे. साक्षीदार म्हणून."

सिंधूताईंनी हाताची माती पदराला पुसली आणि ठळक अक्षरात सही केली.